बरणीतले मनुके

घरी कालवलेला नाताळचा केक भाजून घ्यायला बेकरीसमोर रांग लागली होती. रांगेतल्या शिवणकाम करणाऱ्या एका काकूंनी काही मुद्दाम कान टवकारले नव्हते, पण पुढचे भाऊबहीण हातभरच लांब होते. दोघांचेही केस पिकलेले. भावाच्या हातात पोचे पडलेलं केकचं भांडं.

"सरळ धर दादा, सांडेल."

"आईचा केक दरवर्षी एका बाजूने करपायचा, आठवतं?"

"तू चारचौघांत कोळसा म्हणायचास त्याला."

"म्हणून तर त्या वर्षी दुकानातून क्रीमचा आणला. म्हटलं, तिची दगदग वाचेल."

"काय म्हणाली?"

"बरं झालं, सुटले एकदाची, म्हणाली. नंतर कधी केलाच नाही. कंटाळली असेल गं."

"दादा, ती गेल्यावर मी कपाट आवरलं ना, तेव्हा साड्यांच्या मागे बरण्या निघाल्या. रममध्ये भिजवलेले मनुके. प्रत्येकीवर वर्ष लिहिलेलं."

"किती बरण्या?"

"सात. या केकमधले मनुके यंदाच्या बरणीतले आहेत."

"म्हणजे दरवर्षी भिजवत होती? मग एका शब्दाने बोलली का नाही?"

"आपण विचारायचं होतं, दादा."

रांग सरकली. काकू मागेच थांबल्या. भट्टीवाल्याने भांडं हातात घेतलं.

"काळजी करू नका साहेब, चारी बाजूंनी एकसारखा भाजून देतो."

"नको," भाऊ म्हणाला. "एक बाजू जरा करपू द्या."