चारची वेळ

(कल्याण, १९५४. सुमती खिडकीपाशी लिहायच्या टेबलाशी बसली आहे. तिच्या सासूबाई, विमलाबाई, खाली बसून गवार मोडत आहेत.)

सुमती: दौतीतली शाई पेरभर खाली आली आहे, आई. आणि मी एक अक्षर लिहिलेलं नाही.

विमलाबाई: मग प्यायलं कोण?

सुमती: कुणी नाही. झाकण उघडं राहतं. पाणी उडून जातं.

विमलाबाई: म्हणजे आज पहाटेही काही झालं नाही.

सुमती: नाही.

विमलाबाई: अगं, पहाट तूच मागून घेतलीस ना? मी स्टोव्ह उशिरा पेटवते. तुझ्या सासऱ्यांना म्हटलं, खोकायचं तर मोरीत जाऊन खोका. बिचारे उशीत तोंड खुपसून खोकतात.

सुमती: खोकू द्या त्यांना. आवाजाने काही अडत नाही.

विमलाबाई: मग दुपार?

सुमती: दुपार गणपतीपर्यंत करून पाहिली. त्यानंतर दिवेलागण. टेबल हेच, टाक हाच, नुसती वेळ बदलली.

विमलाबाई: घराची प्रयोगशाळाच केलीस की. आणि ते गोपीनाथराव आज ठाण्याहून यायचेत. पुस्तक छापणारा माणूस किती थांबेल? तुझी जया गेली तेव्हापासून थांबलाय. वर्ष होत आलं.

सुमती: हो.

विमलाबाई: एक वेळ मात्र तू टाळलीस. बोलू का?

सुमती: चारची.

विमलाबाई: चारला शाळा सुटायची तिची. दप्तर फेकायची नि या टेबलाला लोंबकळायची. खाडीतल्या तिवराची मुळं चिखलातून वर का येतात? त्याच्या पानांवर मीठ कोण टाकतं? डोकं खायची नुसती.

सुमती: प्रत्येक प्रकरण तिच्या प्रश्नानेच सुरू होतं.

विमलाबाई: मग चारलाच बस ना! चुकलं माझंच. मी चारला दार लोटून घेते. शेजारच्या शकूला, बाकीच्या पोरांना, आळीच्या तोंडाशीच थोपवते. म्हटलं, आवाज ऐकून तुला त्रास नको.

सुमती: माहीत आहे मला.

विमलाबाई: माहीत होतं? मग बोलली का नाहीस?

सुमती: बरं वाटायचं.

विमलाबाई: मग उद्यापासून दार उघडं ठेवते.

सुमती: बसले मी चारला. परवा, तुम्ही प्रमोदिनीच्या डोहाळजेवणाला गेलात तेव्हा.

विमलाबाई: अगं बाई! रडलीस?

सुमती: तेही आलं नाही. सातव्या प्रकरणाला प्रश्न हवा होता. एक लिहिला. "भरतीच्या पाण्याने झाडं कुजत का नाहीत?" हुबेहूब तिचा वाटला. मग फाडून टाकला.

विमलाबाई: फाडलास कशाला? हुबेहूब म्हणतेस ना?

सुमती: तिने विचारला नव्हता. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून लिहायचं नाही, असं मीच वर्गात मुलींना सांगते.

विमलाबाई: कठीण आहे बाई तुझं. मग शकूला विचार. ती काय कमी आहे? काल मला म्हणते, आजी, तुमचे दात कुणी नेले?

सुमती: काय सांगितलंत?

विमलाबाई: म्हटलं, तुझ्या आजोबांनी. गप्प बसली एकदाची.

सुमती: शकूने विचारलं तर ते शकूचं पुस्तक होईल. तेही कधी लिहीन. पण हे नाही.

विमलाबाई: रात्री बसून बघतेस? निजानीज झाली की. मी सोबतीला वाती वळत बसेन.

सुमती: नको, आई. वेळ मिळत नाही म्हणायला सोपं जात होतं, इतकंच.

विमलाबाई: दहा प्रकरणं कबूल केली आहेस त्यांना.

सुमती: केली होती.

विमलाबाई: दारात पाऊल वाजलं बघ. तेच असतील. काय सांगू? डोकं दुखतंय, निजली आहे म्हणू, गेल्या खेपेसारखं?

सुमती: नाही. तुम्ही चहा ठेवा, मी सांगते त्यांना. पुस्तक सहाच प्रकरणांचं आहे. ते लिहून झालंय.