म्हणे, कंपनी वाढतेय

…आणि मी म्हणते, भिंत घालायचीच होती तर निदान पंखा कुणाचा ते तरी बघायचं की नाही? पंखा गेला पलीकडे, बटण राहिलं यांच्याकडे. तुम्हाला सांगते, आमचे हे पंप बनवणाऱ्या कंपनीत स्टोअर सांभाळतात, आणि भावजी, म्हणजे यांचे जिवाभावाचे मित्र, खरेदी बघतात. टेबलं समोरासमोर. बोल्ट संपले की यांनी नुसती मान वर करायची, भावजींनी फोन उचलायचा, झालं काम. वर्षानुवर्षं सुखाने चाललं होतं हो. पण वरच्यांना बघवतंय कुठे? एक दिवस हे घरी आले ते चपला काढायच्या आधीच म्हणाले, "आमच्या दोन कंपन्या झाल्या." का? तर म्हणे, कंपनी वाढतेय.

मला सांगा, चादर मधोमध फाडली म्हणून वाढते का?

मग आली प्लायवूडची भिंत. दोघं आपापल्या बाजूचे प्रमुख झाले. आता बोल्ट हवे तर यांनी आपल्या साहेबांना सांगायचं, त्यांनी पलीकडच्या साहेबांना मेल करायचा, ते भावजींना विचारणार, आणि भावजी यांना कळवणार… "आपणांस नेमके किती नग अपेक्षित आहेत?" आपणांस! यांच्या ऑपरेशनला रात्ररात्र उशाशी बसलेला माणूस हो तो! उकडायला लागलं की भावजी भिंतीवर टकटक करायचे, हे बटण दाबायचे, तेवढंच काय ते बोलणं. ते साहेबांच्या लक्षात आलं, तर बटण दाबायला मध्ये समन्वय अधिकारी नेमला. म्हणे, कंपनी वाढतेय.

बरं, सवय झाली त्याचीही. तर दोन्ही कंपन्या पुन्हा एक! भिंत पाडली, हे खूश. पण आता एका खोलीत दोन प्रमुख. साहेबांनी दोघांना बोलावून सांगितलं की खुर्ची एकच राहील, दुसऱ्याने घरी बसायचं, जुने मित्र आहात, आपसांत ठरवा. ठरवा म्हणे… भाजी आणायची होती का?

त्या दिवशी हे ताटावर भात चिवडत बसले. भावजींची आई अंथरुणाला खिळलेली, सगळं घर त्या एका पगारावर. शेवटी म्हणाले, "मीच सोडतो." मी यांच्या ताटात आमटी वाढली. म्हटलं, सोडा.

सकाळी साहेबांच्या केबिनचं दार उघडतात तर आत भावजी आधीच बसलेले, आणि सांगताहेत, "मी जातो, त्याला राहू द्या." हे तिथेच, उंबऱ्यात उभ्या उभ्या रडले. साहेबांनाही भरून आलं. म्हणाले, असली माणसं घालवायची नसतात, दोघांनाही प्रमुख करतो. आणि केलं की! दोन विभाग, दोन मजले. म्हणे, कंपनी वाढतेय.

आता हे खाली, भावजी वर. थेट बोलायची सोय नाही, सगळं रीतसर मार्गाने. आणि त्या मार्गाने काही पोचतंय होय? मग संध्याकाळी मी आणि भावजींची बायको फिरायला जातो, तेव्हा मी तिला सांगते, अगं, यांचे बोल्ट संपलेत. ती म्हणते, बरं, सांगते घरी. दुसऱ्या दिवशी बोल्ट हजर. पगार नाही, खुर्ची नाही, चालून चालून गुडघे तेवढे दुखतात.

कालपासून वॉशरही आम्हा दोघींकडेच दिलेत.