मिठाची पुरचुंडी

शिरूर कासारच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकड्यावर एक म्हातारी आणि भलीमोठी बॅग पाठीवर घेतलेला एक तरुण बसले होते.

“कुणाचा रे तू?”

“कय्युम मिस्त्रीचा फराज, मावशी. आठ महिने बाहेरदेशी गेलतो.”

“कामाला?”

“न्हाई, नुसतं फिरायला. नऊ देश बघितले.”

“नुसतं फिरायला! मग निजायचास कुठं?”

“हॉस्टेलात. एका खोलीत आठ जण, कुणी कुणाच्या वळखीचं न्हाई.”

“अन् खायचं?”

“जॉर्जियात लई हाल झाले. पैसे संपले. पण तिथल्या हॉस्टेलात भिंतीला एक फळी होती. ज्याचं जे उरंल, ते जाताना त्यानं फळीवर ठेवायचं. तांदूळ, तेल, काय बी. मागून येणाऱ्यानं घ्यायचं. चार दिवस त्याच्यावरच काढले.”

“आमी ऊसतोडीला जातो ना, आमचं बी तसंच हाय. मुक्काम हलला की ऱ्हायची पाचटाची कोपी मोडतो, पण चुलीचे तीन दगड हालवत न्हाई. मिठाची पुरचुंडी बाभळीला बांधतो अन् निघतो.”

“कुणासाठी?”

“मागून येईल त्या टोळीसाठी.”

“वळखीची असती का ती?”

“न्हाई रे. तुला तांदूळ ठेवणारा तुझ्या वळखीचा होता का?”

“न्हाई.”

“मग तू निघताना काय ठेवलंस?”

“...मावशी, तुमची गाडी लागली बघा.”

“लागू दे. दुसरी येईल. काय ठेवलंस?”