काजळबेटाचा खोटा शेवट

भिंगरी : म्हणजे काजळबेटाच्या शेवटी बोका दाराला देऊन टाकतात, असं सांगितलंस तू पोपटला?

घुमी : हो.

भिंगरी : आणि त्याने ऐकून घेतलं?

घुमी : लिहून घेतलं. तळहातावर, पेनाने. वर मलाच म्हणाला, बरं झालं बाई, एवढं जाडजूड पुस्तक वाचायची कटकट वाचली.

भिंगरी : अगं, पण खऱ्या शेवटात बोका त्या मुलाच्या मांडीवर झोपतो. काजळबेट वाचलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचार. मला तर उडणारे प्राणी आले की पुस्तक मिटावंसं वाटतं. खजिना पाहिजे, नकाशा पाहिजे, भर समुद्रात होडी फुटली पाहिजे, आणि सुटका डोकं चालवून झाली पाहिजे. जादूने सुटला की मला फसवल्यासारखं होतं. तरी काजळबेटाचा तिसरा भाग मी एका बैठकीत संपवला तो बोक्यासाठी.

घुमी : म्हणून तर बोकाच निवडला. ड्रॅगनला मारलं असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आत वाचनकट्ट्यात बसलेली निम्मी मुलं त्या बोक्यावर जीव टाकतात. आता हा उठेल, माइक हातात घेईल, आवडलेल्या पुस्तकाविषयी मोठ्या ऐटीत बोलेल आणि सगळ्यांदेखत तोंडघशी पडेल.

भिंगरी : पोपटाचाच पोपट.

घुमी : मला हसू येत नाहीये, भिंगरे.

भिंगरी : दिसतंय ते. पण मग इथे मागच्या जिन्यात काय बसलीस? आत चल की. एवढा घाट घातलास तर बघ तरी.

घुमी : आत गेले की तो माझ्याकडे बघणार. माझ्या तोंडावर सगळं उमटतं. त्यात ग्रंथपाल बाईंनी मलाच बोलायला उठवलं तर संपलंच. मागे एकदा उठवलं तेव्हा स्वतःचं नाव सांगून जी थांबले, ती थांबलेच.

भिंगरी : म्हणून तर घुमी. पण खरं सांगू का, एवढा राग मला कळला नाही. तू पुस्तक वाचतेस, तुला काय वाटलं ते त्याला सांगतेस, तो आत जाऊन ते आपलं म्हणून बोलतो. हे काय आजचं आहे? मावसभाऊ आहे, बोलेना का, असं तूच म्हणायचीस.

घुमी : तोवर पुस्तकांचंच नेत होता. चाच्यांच्या गोष्टींत सगळ्यात शहाणा आचारी असतो, हे माझं. हरवलेल्या राजपुत्रापेक्षा त्याचा चिडका घोडा बरा, हेही माझंच. लोक हसले, टाळ्या पडल्या. ते मी जाऊ दिलं. मागच्या शनिवारी काय नेलं ते ऐकलंस ना?

भिंगरी : काजळबेटाचा पहिला भाग. प्रत्येक दार उघडायला आपली एक आठवण जकात म्हणून द्यावी लागते, ते. मग तो म्हणाला की त्याची मावशी गेली, आणि आता त्याला तिचा आवाज आठवेनासा झालाय. माझ्या शेजारचा काका तर चष्मा काढून डोळे पुसत होता.

घुमी : त्याची मावशी म्हणजे कोण, भिंगरे?

भिंगरी : तुझी आई. हो गं.

घुमी : आवाज मला आठवत नाही. ती काय म्हणायची ते आठवतं, शब्द न् शब्द आठवतो. आवाज गेला. त्या दारांच्या प्रकरणापाशी मी पुस्तक मिटलं, तो शेजारी बसला होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. त्याने ते जसंच्या तसं उचललं आणि माइकवर सांगितलं. माझी मावशी, म्हणजे त्याची आई, पहिल्या रांगेत. तिने उठून त्याला पोटाशी धरलं. त्याला. मी शेवटच्या रांगेत बसून बघत होते.

भिंगरी : मग ठीक केलंस. पडू दे चांगला उताणा. थांब, त्याचं नाव पुकारलेलं दिसतंय. मी बघून येते.

(भिंगरी आत जाते आणि बऱ्याच वेळाने परत येते.)

घुमी : पडला?

भिंगरी : पडला. म्हणजे, आधी पडला.

घुमी : नीट सांग. सावकाश सांग. मला सगळं हवंय.

भिंगरी : बोका दाराला दिला म्हटल्याबरोबर मागून कालवा सुरू झाला, की असं नाहीच आहे. ती चष्मेवाली आहे ना, तिने आपलं पुस्तकच उघडून डोक्यावर धरलं. हा तळहाताकडे बघतोय. घामाने शाई पसरलेली. कान लाल. पाणी मागितलं त्याने.

घुमी : मागितलं ना? बरं झालं. पुढे?

भिंगरी : पुढचं ऐकून तुला बरं वाटणार नाही.

घुमी : बोल.

भिंगरी : ग्रंथपाल बाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि त्याला विचारलं, म्हणजे हा शेवट तू स्वतः रचलास? तो हो म्हणाला.

घुमी : हो म्हणाला.

भिंगरी : डोळ्याची पापणी न हलवता. मग बाई म्हणाल्या, पुरा सांग. सांगितला. शेवटचं दार जकात म्हणून बोकाच मागतं, कारण मुलाने जे जे गमावलं ते सगळं बोक्याने लक्षात ठेवलेलं असतं. मुलगा बोका देतो. दार उघडतं. आणि उंबऱ्यात उभं राहून त्याला कळत नाही की आपण इथे कशासाठी आलो आणि रडतोय कशाला. सगळा हॉल पुढे वाकून ऐकतोय. मीसुद्धा. पुस्तकात शेवटी तुताऱ्या वाजतात, मेजवानी होते, त्यापेक्षा हे कितीतरी भारी आहे गं. कुठून सुचलं तुला?

घुमी : चपला घालता घालता रचलं. त्याला पाडायला.

भिंगरी : चष्मेवालीनेही पुस्तक मांडीवर ठेवून टाळ्या वाजवल्या. आता पुढच्या शनिवारी त्याने स्वतःची नवी गोष्ट वाचायची आहे. बाहेरचे पाहुणे बोलावणार आहेत बाई.

घुमी : माझं खोटंसुद्धा त्याने माझं राहू दिलं नाही.

भिंगरी : तो बघ, इकडेच येतोय. थांबू मी?

घुमी : नको. तू पुस्तकं परत करून ये, नाहीतर खिडकी बंद होईल.

भिंगरी : मारामारी करू नकोस हं.

घुमी : हातही लावणार नाही.

(भिंगरी जाते. पोपट येतो.)

पोपट : इथे आहेस होय तू. सगळीकडे शोधलं. अगं, बोक्याचं तू भलतंच सांगितलंस मला. काय फजिती झाली माहितेय? पण सांभाळून घेतलं. आपल्याला सुचतं ऐन वेळी.

घुमी : मी भलतं नाही सांगितलं. मुद्दाम सांगितलं.

पोपट : मुद्दाम कशाला?

घुमी : सगळ्यांसमोर तुझं तोंड पांढरंफटक पडावं म्हणून. आठवडाभर वाट बघत होते मी.

पोपट : एवढं काय केलं मी तुझं?

घुमी : आईचा आवाज.

पोपट : ते होय. अगं, ते चांगलंच बोललो की मी. लोक रडले. आणि माझीही मावशीच होती ना ती.

घुमी : तुला आठवतो तिचा आवाज?

पोपट : आठवतो की. पोपटराव म्हणून हाक मारायची, नाकातून, हसू दाबत. कशी म्हणायची ते करून दाखवू?

घुमी : नको. तुझ्या तोंडून नको. म्हणजे तुला आठवतो आणि तू विसरलो म्हणून टाळ्या घेतल्यास. मला आठवत नाही आणि मी टाळ्या ऐकत बसले.

पोपट : चुकलं माझं. खरंच चुकलं. असं रागावून बघू नकोस ना. ऐक, पुढच्या शनिवारी मला एक गोष्ट लागणार आहे. लहानशी चालेल. बोक्यासारखी.

घुमी : देईन.

पोपट : खरंच देशील?

घुमी : बदल्यात तुझं काहीतरी हवं. खरं. कुणालाही न सांगितलेलं. माझं नेलंस तेवढ्याच तोलाचं.

पोपट : माझ्याकडे तसलं काही नाही.

घुमी : मग गोष्टही नाही. पाहुण्यांसमोर मोकळा तळहात बघत उभा राहा.

पोपट : थांब ना. हसणार नाहीस?

घुमी : मी आज कशालाच हसत नाहीये.

पोपट : बाबा येतात बघ शनिवारी. कामावरून परस्पर. आत बसत नाहीत, दाराशी उभे राहतात.

घुमी : बघितलंय मी.

पोपट : मी चांगलं बोललो की घरी जाताना खांद्यावर हात ठेवून चालतात. चौकापर्यंत. रस्ता ओलांडला की हात काढतात. एरवी माझ्याशी काय बोलतात? दिवा बंद कर, दार लाव. धाकट्याशी किती गप्पा मारतात. एकदा मी स्वयंपाकघराच्या दाराआड होतो, तेव्हा आईला सांगत होते, की हा पोरगा मला कधी आपला वाटलाच नाही.

घुमी : मग?

पोपट : मग काय. आत गेलो आणि पाणी प्यायलो. मी वाचून बघितलं गं. काजळबेट उघडलं, दोन-तीन पानं नेटाने वाचली. मला ते दार दिसतच नाही. तू सांगतेस तेव्हा दिसतं. झालं आता? देशील ना गोष्ट?

घुमी : देईन. हीच देईन. एक मुलगा असतो, आणि त्याचा बाप चौकापर्यंतच त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. चांगली होईल.

पोपट : ही नको. बाबा दाराशी उभे असतील.

घुमी : असतील ना. तू नाही वाचलीस तर मी वाचेन. या वेळी नाही थांबायची मी.

पोपट : घुमे, असं नको करूस. हे मी फक्त तुला सांगितलंय.

घुमी : मीही फक्त तुलाच सांगितलं होतं.