शेळी कुठं उभी होती

हिंगोलीच्या स्टँडवर कालिंदीबाई कळमनुरीच्या बसची वाट बघत होत्या. मागच्या बाकावर बालगृहातली ताई लहानग्या शितलला गोष्ट सांगत होती.

"...अन् शेळीनं आपलं पिलू भर बाजारात सोडलं."

"जवळा बाजार गावाला? मला सोडलं तिथंच?"

"व्हय, तिथंच."

"रानात काहून न्हाई सोडलं?"

"तूच सांग बरं."

"रानात लांडगं खातंय. बाजारात कुणीतरी उचलतंय."

"बराबर."

"मंग शेळी लगेच गेली?"

"ते मला म्हाईत न्हाई गं."

"मला म्हाईत हाय. पिलाला कुणी उचलंपर्यंत ती भाजीच्या दुकानाच्या पालामागं उभी होती."

"मंग?"

कालिंदीबाईंची बस लागली. त्या काही उठल्या नाहीत.