तुझ्या वाट्याला कारलं

बसा. सगळे बसा. हा माईक जरा खाली करा कोणीतरी, मी काही बांबू न्हाई. हां. बराबर.

भावांनो, बायांनो, तुम्ही कामधंदा सोडून निवृत्तीसाठी आलात. माझ्या सासरचे पार वाटूरहून आलेत. मी निवृत्तीची थोरली बहीण. मला बोलता येत न्हाई. चौथीपर्यंत शाळा, तिथं भाषण शिकवलंच न्हाई. पण आत्ता एक साहेब बोलून गेले, 'निवृत्तीराव अनंतात विलीन झाले.' ते मला सहन झालं न्हाई, म्हून उठले.

निवृत्ती विलीन न्हाई झाला. निवृत्तीला मारलं. खणायच्या टिकासानं मारलं. त्याच्याच अंगणात, दिवसाउजेडी, तुमच्या डोळ्यांदेखत मारलं. हे आधी बोला, मंग हार घाला.

बाहेरचा बॅनर बघितला मी. श्रद्धांजली वाहणाऱ्यांची तोंडं ही एवढाली, आणि जो मेला त्याचा फोटो रेशनकार्डावरच्यावानी. राहू द्या.

निवृत्तीनं उभा जन्म जालन्याला बियाण्याच्या गोदामात हमाली केली. भेंडी, मिरची, टमाटे, पोत्यावर पोती. मुलखाच्या वावरात गेलेलं बी ह्याच्या पाठीवरून गेलं. स्वतः दाणा लावला न्हाई. लावणार कुठं? वावर न्हाई. घराम्होरं एवढंसं अंगण, दोन बाजा टाकल्या की भरलं. ते बी एकट्याचं न्हाई. समोर आमच्या चुलतभावाचं, बाबूचं घर. अंगण दोघांत मिळून. वाटणी कधी झालीच न्हाई. वाटावं एवढं ते न्हवतंच.

मंग कमरेनं जवाब दिला आणि निवृत्ती घरी बसला. बसल्या बसल्या त्याला हे खूळ लागलं. जेवण झालं की उंबऱ्यात बसायचा आणि त्या ठणठणीत अंगणाकडं बघत राह्यचा. मी माहेरी आल्ते. विचारलं, 'काय बघून राह्यला रे?'

'मेथी.'

'कुठं हाय मेथी?'

'ती काय नळापाशी. आणि आक्का, पाय उचल, गवारीवर उभी हायस तू.'

मी खरंच पाय उचलला! कोंबडी फिरली तरी ओरडायचा, 'हाड, चुका खाल्ला माझा!' चुका! तिथं गवताची काडी न्हवती. सुमन, त्याची बायको, म्हणायची, 'काढा तुमची हवेतली भेंडी, मी फोडणी देते.' तो म्हणायचा, 'आवंदा बघ. शिमग्याच्या आधी भिंतीवर दोडका चढलेला दावतो.' दरवर्षी आवंदा. हसा, हसा. आम्ही बी हसायचो.

आवंदा तो खरंच उठला.

हसनाबादच्या बाजारातून बियांच्या पुड्या आणल्या. ती जमीन म्हणजे दगड, म्हून खणायला रशीदभाईचं टिकास मागून आणलं. आणि पांढरी फक्की आणली. सुतळी ताणली, फक्की सोडत सोडत वाफे आखले. हा मेथीचा, हा गवारीचा. आणि मधोमध एक लांब रेघ, उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत. ती पायवाट. आपली गवार कोणी तुडवू नये म्हून पायवाट!

आता मला सांगा, आपल्याकडं अंगणात फक्की कधी पडते? लग्नाला रांगोळी पडते. फक्की पडते मोजणीला. फक्की पडते वाटणीला. हे शेंबड्या पोराला कळतं. निवृत्तीला न्हाई कळलं. त्याला रेघ दिसतच न्हवती. त्याला मेथी दिसून राह्यली होती.

बाबू चौकात होता. कोणीतरी जाऊन त्याला सांगितलं, 'तुझं अंगण मोजून राह्यलेत, जल्दी जा.' सांगणारा इथंच बसलाय. मान वर कर ना बाबा. राहू दे.

बाबू पळत आला. 'ही रेघ कसली?' निवृत्ती खाली बसलेला, हात कोपरापर्यंत पांढरे. सुमन दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं. निवृत्ती वर बघून हसला. बाबूला चिडवायची त्याची लहानपणापासूनची खोड. बाबूला कारलं चालत न्हाई. ताटात वाढलं की लहानपणी भोकाड पसरायचा. तर हा म्हणाला, 'ह्या अंगाला मेथी. आणि तुझ्या वाट्याला कारलं, बाबू!'

बाबूनं 'वाटा' ऐकला. कारलं त्याच्या कानात शिरलंच न्हाई.

टिकास तिथंच पडलेलं. बाबूनं उचललं. पहिला घाव खांद्यावर. निवृत्ती म्हणाला, 'आरं बाबू, बाबू…' दुसरा डोक्यात. कवटी फुटल्याचा आवाज सुमनच्या कानातून जात न्हाई. कुठं भांडं पडलं तरी किंचाळते ती. निवृत्ती पडल्यावर बी बाबू थांबला न्हाई, लाकूड फोडल्यावानी फोडत राह्यला. सुमन आडवी गेली, तिचा हात मोडला. हा बघा, गळ्यात बांधलेला. रक्त फक्कीत गेलं, फक्कीचा लाल चिखल झाला. असा ओला झाला माझ्या भावाचा वाफा.

आणि तुम्ही? तुम्ही भिंतीवर होता. माळवदावर होता. एकानं तर मोबाईल धरला होता. पोलीस आल्यावर मंग कोणी वावरात, कोणी बाजारात. सगळं गाव त्या दिवशी कुठंतरी गेल्तं! आता मला म्हणता, 'आक्का, घरातलं भांडण हाय, मिटवून घ्या.' काय मिटवू? त्याची कवटी मिटवू?

मला बाबूची बिलकुल दया न्हाई. आज समोर आला तर वरवंट्यानं थोबाड ठेचीन त्याचं. माईकवर बोलून राह्यले, ज्याला कुठं सांगायचं त्यानं सांगावं.

पण बाबू आत हाय. बाहेर त्याचा पोरगा हाय, कैलास. तो बघा मागं, भिंतीला टेकून उभा. आला तो इथं. मला वाटलं न्हवतं येईल. माना वळवू नका सगळे! त्यानं काय केलं? त्या दिवशी तो जालन्याला गेल्ता. खांदा द्यायला आला तर त्याला दगडं मारून हाकललं.

आणि इकडं दरवाज्यात निवृत्तीचा पोरगा, दत्ता. बसलेला न्हाई. उजवा हात सदऱ्याखाली.

दत्ता, मी तुझी आत्या हाय, आंधळी न्हाई. सकाळी तू न्हाणीमागं कानशीनं कोयता घासत होतास. मी म्हणलं, 'कशाला रे?' तर म्हणतो, 'ऊसतोडीला जायचंय, आत्या.' टेम्पो चालवणारा माणूस तू. तुझ्या कोणत्या आज्यानं ऊस तोडला व्हता?

ऐक. तू कैलासला तोडशील. मंग तू बी आत, बाबूच्याच शेजारी. मंग कैलासचे मामे येतील तुझ्या घरावर. मंग हे पुढं बसलेले पुन्हा माळवदावर चढतील. आणि सुमन? एका हातानं किती मढी उचलायची तिनं?

तर हा मला काय म्हणतो, ऐका. 'आत्या, गावात कोणी तोंड उघडून न्हाई राह्यलं. तो सुटून येईल, आमच्याच दारात बसून विडी ओढील. मंग मी कामून थांबू?'

ह्याचं उत्तर माझ्यापाशी न्हाई, मंडळी. तुमच्यापाशी हाय. म्हून मी माईक घेतला. रडायला न्हाई घेतला.

ज्यानं बघितलं त्यानं उभं राहायचं. आत्ता. आणि इथून सरळ माझ्यासंगं ठाण्यात चलायचं, जबाब द्यायला. मी बाहेर जीप उभी केलीय.

उठा.

गप कामून? खाली काय बघता, खाली मेथी उगवली का?

साहेब, तुम्ही मधी बोलू नका. तुमचं झालं मघाशी, अनंतात.

कोण? रशीदभाई? मोठ्यानं बोला, मागं ऐकू जाऊ द्या. 'आक्का, मैंने देखा. टिकास माझंच होतं, मी आलो तोवर…' पुढचं ठाण्यात सांगा, फौजदारासमोर. आता बसू नका. उभेच राहा.

आणखी? गंगू, तू माळवदावर वाळवण राखत होतीस. सुमननं बघितलं तुला. नवरा डोळे वटारतो? वटारू दे. उभी राहा. हां, माझी बाई ती.

आणि तू रे, मोबाईलवाल्या. दाखवून दाखवून सगळ्या गावाला दाखवलास, एकदा पोलिसाला बी दाखव. हो, मोबाईल घेऊनच. ये.

बघ, दत्ता. नीट बघ. उघडली तोंडं. आता तू कामून थांबावं ते कळलं का?

कैलास, तू हलू नको. पळालास तर लोक मागं लागतील, पुढं आलास तर तमाशा होईल. जागेवर राहा.

आता बाकीचे बी उठा. निवृत्तीसाठी सगळ्यांनी गप उभं राहायचं. घड्याळ बघू नका, मी सांगते तवर. आणि डोळे मिटायचे न्हाईत कोणी. डोळे मिटून लई झालं. हात जोडा.

दत्ता, तू बी. हात जोडायला दोन्ही लागतात. काढ तो कोयता सदऱ्याखालून. माझ्याकडं आणू नको, कोणाच्या हातात देऊ नको. तिथंच खाली ठेव.

ठेव, बाळा.

ठेवला. आवाज आला मला.

निवृत्ती, जा रे भावा.

आता गप.