नोव्हेंबरात ये

(फिनलंडमधलं कुओपियो शहर, तळ्याचा धक्का, नोव्हेंबरातली दुपार. बाकावर साठी ओलांडलेली दोघं: इथली तैमी आणि दूरच्या तुर्कूहून स्वतःची गाडी चालवत आलेला रौनो.)

रौनो : तळं कुठंय?

तैमी : समोर.

रौनो : समोर धुकं आहे.

तैमी : धुक्याच्या मागे. तसं बघायला गेलं तर आत्ता बघण्यासारखं काही नाहीच म्हणा.

रौनो : जुलैत इथं बोटी होत्या. अकॉर्डियन होता. आपण नाचलो.

तैमी : बोटी वर काढून झाकल्या. अकॉर्डियनवाला मुलीकडे गेला, तो आता मे महिन्यात उगवेल.

रौनो : आणि टेकडीवरचा मनोरा?

तैमी : आहे की. ढगात आहे.

रौनो : काहीच उघडं नाही?

तैमी : दवाखाना. आणि बाजारातली कालाकुक्कोवाली. हे घे, तिच्याकडचंच आणलंय.

रौनो : पावाच्या पोटात अख्खे मासे?

तैमी : काटे शोधत बसू नकोस, भट्टीत मऊ होतात. खा मुकाट्यानं. थंडीत पोटात वजन असलेलं बरं.

रौनो : तैमी, जुलैत मी विचारलं होतं, कायमचा तुझ्याकडे राहायला येऊ का. तू म्हणालीस, नोव्हेंबरात ये आणि मग विचार. आलो. विचारतो. येऊ का?

तैमी : आता एका परीनं बघितलं तर... आणि दुसऱ्या परीनं बघितलं तर...

रौनो : तुम्ही इकडची, साव्हो प्रांतातली माणसं! सरळ 'हो' म्हणालात तर जीभ झडेल काय?

तैमी : बोलणं आमचं काम. अर्थ ऐकणाऱ्यानं लावायचा.

रौनो : मला नाही लावता येत. मी जन्मभर नळ दुरुस्त केले. गळतंय की नाही, एवढंच कळतं.

तैमी : तुझ्याआधी दोघं झाले. जुलैत दोघांनाही माझ्यावाचून करमत नव्हतं. एक नोव्हेंबरात आलाच नाही. दुसरा आला, आणि सकाळी उठून त्याला आजारी बहीण आठवली. मला आता पुन्हा कोणाला स्टेशनवर सोडायला जायचं नाही, रौनो. फार जिवाला लागतं ते.

रौनो : मला बहीण नाही.

तैमी : ते जुलैतच विचारून घेतलंय.

रौनो : मग?

तैमी : अंधार पडला बघ.

रौनो : बरं. समजलो. आत्ताच निघतो मग. रात्री पारा उतरणार आहे, गाडी बाहेर राहिली तर सकाळी सुरू व्हायची नाही.

तैमी : आमच्या अंगणात गाड्या गरम ठेवायचे विजेचे खांब आहेत. कोपऱ्यातल्या खांबाला लाव.

रौनो : अगं, त्या खांबांसाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत असतात. ज्याचा असेल तो माझ्या नावानं शंख करील.

तैमी : नाही करणार. माझाच आहे.

रौनो : तुझ्याकडे गाडी कुठंय?

तैमी : नाही.

रौनो : मग खांब कशाला घेतलास?

तैमी : ऑगस्टात एक रिकामा झाला. सोसायटीच्या बाईच्या हातापाया पडले, आणि घेऊन ठेवला.